टीव्हीचा सीझन कसा ठरतो? परदेशी मालिका बघू लागलेल्यांसाठी पायरीपायरीने

आपल्याकडची रोजची मालिका एकदा सुरू झाली की सोमवार ते शनिवार चालूच राहते. टीआरपी आहे तोवर भाग वाढत जातात, पाचशे होतात, हजार होतात, आणि एके दिवशी ‘अखेरचा आठवडा’ अशी पट्टी झळकते. या सवयीत वाढलेला प्रेक्षक ओटीटीवर अमेरिकन किंवा ब्रिटिश मालिका उघडतो तेव्हा गोंधळतो. एका मालिकेच्या सीझनला २२ भाग, दुसरीच्या ७, तिसरीच्या जेमतेम ३. मध्येच दीड महिना मालिका गायब. ‘शेवटचा सीझन’ म्हणून जाहीर झालेला सीझन दोन वर्षं पुरतो. एक जण म्हणतो मालिका पाच सीझनची आहे, दुसरा म्हणतो दोनच, आणि दोघांचंही बरोबर असतं.

हा कारभार मनमानी वाटतो, पण त्यामागे पक्का हिशेब आहे. सीझन मुळात कथेवरून ठरत नाही, करारावरून आणि कॅलेंडरवरून ठरतो. वाहिनीने निर्मात्याकडून किती भाग विकत घेतले आणि ते वर्षाच्या कोणत्या आठवड्यांत बसवले, एवढं बघायला शिकलात की कुठल्याही देशातल्या मालिकेचं वेळापत्रक वाचता येतं. या लेखात जास्त भर अमेरिकेवर आहे, कारण तिथलं वेळापत्रक सगळ्यात गुंतागुंतीचं आहे. ते कळलं की बाकीची सोपी जातात.

पायरी १: तेराचा पाढा आठवा

वर्षाचे आठवडे ५२. चार तिमाह्या केल्या की एकेकीच्या वाट्याला १३ येतात. अमेरिकेत रेडिओच्या जमान्यात प्रायोजकांशी करार व्हायचे ते अशा तेरा-तेरा आठवड्यांच्या टप्प्यांनी. टीव्ही आला आणि त्याने ती रीत जशीच्या तशी उचलली.

१९५० च्या दशकात तिथे एका सीझनला सर्रास ३९ भाग असायचे. तेरा त्रिक एकोणचाळीस: तीन तिमाह्या नवे भाग, आणि उन्हाळ्याची चौथी तिमाही जुन्या भागांना किंवा एखाद्या बदली कार्यक्रमाला. सीबीएसवर १९५५-५६ मध्ये आलेल्या ‘द हनीमूनर्स’चे ३९ भाग तिथे आजही ‘क्लासिक ३९’ या नावाने ओळखले जातात. पुढे निर्मितीचा खर्च वाढत गेला तसे भाग घटत गेले, आणि कालांतराने गाडी २२ च्या आसपास येऊन थांबली.

आता २२ काही तेराच्या पाढ्यात येत नाही. पण त्याच्या पोटातही तेराच आहे. नव्या मालिकेला वाहिनी आधी १३ भागांची ऑर्डर द्यायची. पहिले काही आठवडे प्रेक्षक टिकले की उरलेले नऊ मागवायचे. तेरा आणि नऊ बावीस. धंद्याच्या भाषेत या नऊ भागांना ‘बॅक नाइन’ म्हणतात. अमुक मालिकेला बॅक नाइन मिळाले असं बातमीत वाचलंत तर समजा की मालिका तरली, पूर्ण सीझन होणार. सप्टेंबरमध्ये सुरू झालेली नवी मालिका तेरा भागांवर थांबवली गेली तर ती पुढच्या वर्षी परत येण्याची आशा फारशी ठेवू नका.

हाच तेरा दूरदर्शनवरही होता. प्रायोजित मालिका तेराच्या पटीत मंजूर व्हायच्या: १३, २६, ५२. रामानंद सागर यांची ‘रामायण’ ५२ भागांची ठरलेली होती. लोकांनी ती अशी उचलून धरली की मुदत वाढवत वाढवत ७८ भाग झाले. जानेवारी १९८७ ला सुरू झालेली मालिका जुलै १९८८ ला संपली. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर हिंदीत लागणारी ‘डकटेल्स’ ज्यांनी पाहिली असेल त्यांच्यासाठी आणखी एक: अमेरिकेत तिचा पहिला सीझन ६५ भागांचा होता. तेरा पंचे पासष्ट. सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग दाखवला की बरोबर तेरा आठवडे पुरतात. शाळेतून घरी आलेल्या मुलांसाठीच्या अमेरिकन कार्टून मालिका कित्येक वर्षं याच मापाने बनत होत्या.

तेव्हा कुठल्याही मालिकेची भागसंख्या दिसली की आधी तेराशी ताडून बघा. जुळली तर तिमाहीचा हिशेब आहे. नाही जुळली तर काहीतरी घडलेलं आहे, आणि ते काय हे शोधण्यातच खरी मजा आहे.

पायरी २: ‘सीझन’ या शब्दाचे दोन वापर वेगळे ओळखा

अमेरिकन बातम्यांत ‘२०२२-२३ सीझन’ असं लिहिलेलं असतं आणि त्याच बातमीत ‘सीझन २’ असंही असतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिलं आहे तिथल्या टीव्हीचं वर्ष. आपल्याकडे शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होऊन पुढच्या वर्षात संपतं, तसं तिथलं प्रक्षेपणाचं वर्ष सप्टेंबरच्या शेवटाकडे सुरू होतं आणि मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात संपतं. साधारण ३५ आठवडे. प्रेक्षकसंख्या मोजणारी नील्सन कंपनी याच मुदतीचे आकडे धरते, आणि वर्षात कोण पहिला आला, कोण घसरला, ते त्यावरून ठरतं. हे वर्ष मुख्यतः एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स या चार मोठ्या नेटवर्कना लागू पडतं.

दुसरं आहे एकेका मालिकेचा स्वतःचा क्रमांक. बहुतेक मालिकांचा टीव्हीच्या एका वर्षात एक सीझन होतो, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण ‘सर्व्हायव्हर’ बघा. सीबीएसवरचा हा रिअ‍ॅलिटी शो बहुतेक वर्षी दोन सीझन करतो, एक शरद ऋतूत आणि एक वसंतात. २००० साली सुरू झालेल्या कार्यक्रमाचा २०२५ च्या अखेरीस ४९ वा सीझन झाला होता. सीझनचा आकडा म्हणजे वर्षांचा आकडा असं धरून चाललात तर इथे फसाल.

उन्हाळा या वर्षाच्या बाहेर का? तिथे उन्हाळ्यात दिवस मोठे, शाळांना सुट्टी, माणसं घराबाहेर. टीव्हीसमोर बसणारे कमी, म्हणून महागडे नवे भाग तेव्हा खर्ची घालत नसत. ‘सर्व्हायव्हर’चा पहिला सीझन मुद्दाम याच रिकाम्या काळात, ३१ मे २००० पासून आणला गेला आणि प्रचंड चालला. तेव्हापासून उन्हाळा रिअ‍ॅलिटी शोंचा झाला. केबल वाहिन्यांनीही ही फट हेरली होती. नेटवर्क जुने भाग दाखवत असताना त्या आपल्या नव्या मालिका आणायच्या.

पायरी ३: वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा

नेटवर्कच्या मालिकेचा जन्म ते शेवट हा प्रवास रूढ पद्धतीने असा चालतो. स्ट्रीमिंग आल्यापासून यातली शिस्त सैल झालीय, पण सांगाडा अजून हाच आहे.

शरद ऋतूत वाहिन्या पटकथा विकत घेतात. जानेवारीच्या सुमारास त्यातल्या थोड्या पटकथांना पायलटची, म्हणजे नमुन्याचा एक भाग बनवण्याची, परवानगी मिळते. मार्च-एप्रिलमध्ये पायलट चित्रित होतात. मेच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये ‘अपफ्रंट’ भरतात. तिथे वाहिन्या जाहिरातदारांपुढे येत्या वर्षाचा तक्ता मांडतात, सोमवारी आठला काय, साडेआठला काय, आणि वर्षभराच्या जाहिरातींच्या वेळेचा मोठा हिस्सा आगाऊ विकून टाकतात. कुठली मालिका जगली आणि कुठली गेली हे बहुधा या आठवड्याच्या आगेमागे कळतं. आवडत्या मालिकेचं भवितव्य बघायचं असेल तर मे महिन्यातल्या बातम्यांवर लक्ष ठेवा. जूनमध्ये लेखकांची बैठक सुरू होते, जुलै-ऑगस्टमध्ये चित्रीकरण, सप्टेंबरच्या अखेरीस पहिला भाग.

आता गणित करा. वर्ष ३५ आठवड्यांचं आणि भाग २२. उरले १३ आठवडे. तेराने इथेही पाठ सोडली नाही. हे तेरा आठवडे कुठे जातात ते कळलं की मालिका मध्येच का गायब होते याचं उत्तर मिळतं.

एक कारण चित्रीकरणाचं आहे. तासाभराच्या मालिकेचा एक भाग चित्रित करायला साधारण आठ कामाचे दिवस लागतात. कामाचे दिवस आठवड्यात पाच. म्हणजे प्रक्षेपण दर आठवड्याला एक भाग खातं आणि सेटवर त्यापेक्षा कमी तयार होतं. सप्टेंबरमध्ये हाताशी काही भाग शिल्लक असतात. ते पुरवून पुरवून डिसेंबर येतो, आणि साठा आटतो. मग नाताळची सुट्टी येते तीच सोयीची ठरते. डिसेंबरच्या सुरुवातीला किंवा मध्यावर ‘मिड-सीझन फिनाले’ दाखवायचा, कथा अडचणीच्या जागी सोडायची आणि जानेवारीत किंवा त्यानंतर परत यायचं. मार्च-एप्रिलमध्येही याच कारणाने जुने भाग दिसतात.

दुसरं कारण ‘स्वीप्स’. नील्सन वर्षातून चार वेळा, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि जुलैमध्ये, देशभरातल्या स्थानिक केंद्रांची कसून मोजणी करायची. घरोघर कागदी डायऱ्या पाठवल्या जात आणि लोक काय पाहिलं ते हाताने लिहून परत पाठवत. या मोजणीवर स्थानिक केंद्रांचे जाहिरातीचे दर ठरायचे. साहजिकच वाहिन्या आपले तगडे भाग या महिन्यांसाठी राखून ठेवायच्या. लग्न, मृत्यू, मोठा पाहुणा कलाकार, दोन मालिकांची भेट, हे सगळं नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मेमध्ये एकवटलेलं दिसतं ते यामुळे. जुन्या अमेरिकन मालिका आज सलग बघताना सातव्या-आठव्या भागाच्या आसपास अचानक काहीतरी मोठं घडताना दिसलं, तर मूळ प्रक्षेपणाची तारीख तपासून बघा. बहुधा नोव्हेंबर निघेल.

उरलेल्या आठवड्यांत खेळांचे सामने, पुरस्कार सोहळे, निवडणुकीची रात्र.

प्रेक्षकांना हे तुटक बघणं आवडत नाही हे वाहिन्यांनाही कळत होतं. फॉक्सने ‘२४’चा चौथा सीझन जानेवारी २००५ मध्ये सुरू करून मेपर्यंत सलग दाखवला. एका दिवसाचे चोवीस तास चोवीस भागांत मांडणारी कथा मध्ये सोडून चालणारच नव्हती. एबीसीने २००७ मध्ये ‘लॉस्ट’साठी तोच मार्ग धरला आणि मालिका २०१० मध्ये संपेल असं तीन वर्षं आधीच जाहीर केलं. माझ्या मते अमेरिकन नेटवर्कने कथेसाठी घेतलेल्या सर्वांत चांगल्या निर्णयांपैकी हा एक आहे. शेवट माहीत असलेला लेखक पाणी घालत बसत नाही.

पायरी ४: एक मालिका घेऊन हिशेब स्वतः करून बघा

सरावासाठी ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’ घ्या. फिलाडेल्फियातल्या सरकारी शाळेतल्या शिक्षकांची ही एबीसीवरची विनोदी मालिका. पहिल्या चार सीझनची भागसंख्या अशी: १३, २२, १४, २२. कथा माहीत नसतानाही या चार आकड्यांवरून बरंच काही सांगता येतं.

पहिला सीझन १३ भागांचा. पहिला भाग ७ डिसेंबर २०२१ ला दाखवला गेला आणि नियमित प्रक्षेपण जानेवारी २०२२ पासून सुरू झालं. सप्टेंबरच्या तक्त्यात तिला जागा नव्हती. जानेवारीत येणाऱ्या अशा मालिकेला ‘मिड-सीझन’ मालिका म्हणतात. वाहिनी एका तिमाहीपुरता माल घेते आणि सप्टेंबरमधली एखादी मालिका पडली की तिच्या जागी बसवते.

दुसरा सीझन २२ भागांचा. म्हणजे मालिका चालली, बढती मिळाली, सप्टेंबरची जागा मिळाली. २१ सप्टेंबर २०२२ ते १९ एप्रिल २०२३. या दोन तारखांमध्ये ३१ बुधवार येतात. भाग २२. म्हणजे निदान नऊ बुधवार या मालिकेचा नवा भाग नव्हता. मागच्या पायरीतलं गणित इथे बोटांवर मोजता येतं.

तिसरा १४ चा. तेराच्या जवळ आहे, पण कारण वेगळं. २ मे २०२३ ला हॉलिवूडच्या लेखकांनी संप पुकारला, जुलैत कलाकारही त्यात उतरले. लेखकांचा संप सप्टेंबरच्या अखेरीस मिटला, कलाकारांचा ९ नोव्हेंबरला. जून-जुलैत लिहायचं आणि चित्रित करायचं ते काहीच झालं नाही. मालिका थेट ७ फेब्रुवारी २०२४ ला परतली आणि मेच्या अखेरीपर्यंत जेवढं बसलं तेवढं बसवलं. त्या वर्षी ‘यंग शेल्डन’चा शेवटचा सीझनही १४ भागांचा झाला आणि ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’चा विसावा फक्त १० चा. २०२३-२४ च्या कुठल्याही नेटवर्क मालिकेचा सीझन तोकडा दिसला की आधी संप आठवा.

चौथा पुन्हा २२. घडी पूर्ववत बसली.

अशीच वाचायची सवय लागली की ‘ब्रेकिंग बॅड’चे आकडेही बोलू लागतात: ७, १३, १३, १३, १६. पहिला सातचा का? नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ या काळातला लेखकांचा आधीचा संप. मधले तीन तेराचे, केबल वाहिनीचं ठरलेलं माप. आणि शेवटचा सोळा. त्याचं काय ते पुढे.

पायरी ५: कापलेले सीझन

‘ब्रेकिंग बॅड’चा पाचवा सीझन एएमसी वाहिनीने दोन तुकड्यांत दाखवला. आठ भाग २०१२ च्या उन्हाळ्यात, आठ २०१३ च्या. कागदोपत्री सीझन एकच. मधे जवळपास वर्ष गेलं, तरी दुसऱ्या तुकड्याला सहावा क्रमांक मिळाला नाही. त्याच वाहिनीने ‘मॅड मेन’चा सातवा सीझनही २०१४ आणि २०१५ असा सात-सात भागांत विभागला.

याचा एक उघड फायदा पुरस्कारांचा. अमेरिकन टीव्हीच्या एमी पुरस्कारांचं वर्ष १ जून ते ३१ मे असं मोजतात. सीझनचे दोन तुकडे दोन वर्षांत पडले की दोनदा स्पर्धेत उतरता येतं. ‘ब्रेकिंग बॅड’ला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी २०१३ मध्ये मिळाला आणि २०१४ मध्येही. एप्रिल-मे महिन्यात प्रतिष्ठेच्या मालिकांची रांग लागते तीही याच ३१ मेच्या सीमेमुळे. नेटफ्लिक्सने ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या चौथ्या सीझनचे सात भाग २७ मे २०२२ ला दिले आणि उरलेले दोन १ जुलैला. तारखा बघा, ३१ मे बरोबर मधे येते. शिवाय मालिका संपली म्हणून सदस्यत्व बंद करू पाहणारा प्रेक्षक पुढच्या महिन्यापर्यंत थांबतो, तो वेगळाच लाभ.

नियम एवढाच लक्षात ठेवा: ‘भाग १’, ‘व्हॉल्यूम २’ असं लिहिलं असेल तर तो नवा सीझन असेलच असं नाही. वाहिनी त्याला कोणता क्रमांक देते ते बघा, मधल्या महिन्यांची संख्या बघू नका.

पायरी ६: भाग तेच, मोजणी वेगळी

सगळ्यात जास्त गोंधळ घालणारा प्रकार हा, आणि त्याचं उत्तम उदाहरण ‘मनी हाइस्ट’. मूळ स्पॅनिश मालिका ‘ला कासा दे पापेल’ या नावाने २०१७ मध्ये स्पेनच्या अँतेना ३ वाहिनीवर आली. तिथे भाग सव्वा तासाच्या आसपास असायचे. मे-जूनमध्ये ९ आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ६, असे एकूण १५ भाग, आणि गोष्ट संपली. नंतर नेटफ्लिक्सने ती जगभर दाखवण्यासाठी घेतली आणि तेच चित्रीकरण पुन्हा कापून छोट्या भागांत बसवलं. पंधराचे बावीस झाले, पहिल्या पार्टमध्ये १३ आणि दुसऱ्यात ९. पुढचे तीन पार्ट नेटफ्लिक्सने स्वतःच बनवले. आता पार्ट मोजणारा पाच म्हणतो आणि चोऱ्यांच्या कथानकावरून सीझन मोजणारा दोन. एखाद्या स्पॅनिश मित्राशी ‘आठव्या भागात काय झालं’ यावर बोलायचं असेल तर आधी कुणाचा आठवा ते ठरवून घ्या.

दुसरा प्रकार क्रमाचा. मालिका ज्या क्रमाने बनते त्याच क्रमाने दाखवली जाईल अशी खात्री नसते. फॉक्सने २००२ मध्ये ‘फायरफ्लाय’ शुक्रवारी रात्री दाखवायला घेतली. पात्रांची ओळख करून देणारा दोन तासांचा पहिला भाग वाहिनीने मागे ठेवला आणि तो २० डिसेंबरला, मालिका बंद करताना, दाखवला. बनलेल्या १४ भागांपैकी ११ च तेव्हा प्रक्षेपित झाले. म्हणून जुनी मालिका बघताना पहिल्या दोन भागांत पात्रं एकमेकांना आधीपासून ओळखत असल्यासारखी वाटली तर निर्मितीचा क्रम शोधा. डीव्हीडीवर आणि ओटीटीवर पुष्कळदा तो सुधारलेला असतो.

तिसरा प्रकार विशेष भागांचा, आणि तो मुख्यतः ब्रिटनचा. बीबीसीवरच्या ‘शेरलॉक’चा प्रत्येक सीझन ३ भागांचा, पण प्रत्येक भाग दीड तासाचा. २०१०, २०१२, २०१४, २०१७ अशी चार वर्षं. १ जानेवारी २०१६ ला आलेला विशेष भाग यांपैकी कशातच बसत नाही, आणि तो वगळलात तर चौथ्याची सुरुवात अर्धवट कळते. ब्रिटनमध्ये सीझनलाच ‘सिरीज’ म्हणतात हेही ध्यानात ठेवा. तिथल्या बातमीत ‘सिरीज ३’ वाचलंत तर ती तिसरी वेगळी मालिका नाही, तिसरा सीझन आहे.

ब्रिटिश सीझन आखूड असतात, सहा भाग हे विनोदी मालिकांचं रूढ माप. तिथे एक किंवा दोन लेखकच सगळे भाग लिहितात अशी जुनी प्रथा आहे, आणि बीबीसीचा कारभार जाहिरातींवर चालत नसून लायसन्स फीवर, म्हणजे टीव्ही बघणाऱ्या घरांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कावर, चालतो. अमुक आठवडे भरलेच पाहिजेत असा रेटा कमी. ‘फॉल्टी टॉवर्स’चे सहा भाग १९७५ मध्ये आले आणि पुढचे सहा १९७९ मध्ये. बस्स, एवढेच बारा. इतकं आटोपशीर काम करण्याची मुभा लेखकाला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

‘डॉक्टर हू’ची गोष्ट मात्र वेगळीच. १९६३ ते १९८९ असे २६ सीझन झाले. २००५ मध्ये मालिका परतली तेव्हा क्रमांक पुन्हा एकपासून. २०२४ मध्ये पुन्हा एकदा ‘सीझन १’. अशा मालिकेबाबत क्रमांक न विचारता साल विचारा.

पायरी ७: बाकीचे देश, झटपट

जपान सर्वांत शिस्तीचा. वर्षाच्या चार तिमाह्या: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. एका तिमाहीला तिथे ‘कूर’ म्हणतात आणि तिच्यात १० ते १३ भाग बसतात. अ‍ॅनिमे बघणाऱ्यांना ‘दोन कूरची मालिका’ हे शब्द वारंवार भेटतील, अर्थ २४-२६ भाग. ‘स्प्लिट कूर’ म्हणजे मधली एक तिमाही विश्रांती. तिथली सार्वजनिक वाहिनी एनएचकेची सकाळची मालिका सहा महिन्यांची असते, एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये सुरू होणारी. तिचीच ऐतिहासिक ‘ताइगा’ मालिका जानेवारी ते डिसेंबर.

कोरियात आठवड्यातून दोन दिवस, १६ भाग, आठ आठवडे आणि विषय संपला. दुसरा सीझन अपवादाने.

आपल्याकडे रोजच्या मालिकांना सीझन नाही, पण जिथे ‘पर्व’ आहे तिथे महिना ठरलेला नसतो. ‘बिग बॉस मराठी’चं पहिलं पर्व एप्रिल २०१८ मध्ये आलं, तिसरं सप्टेंबर २०२१ मध्ये, पाचवं जुलै २०२४ मध्ये. झी मराठीवरची ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६, २०१९ आणि २०२१ अशी तीनदा आली आणि दुसऱ्या खेपेला गोष्ट पहिल्याच्या आधीची होती. इथे पुढचं पर्व कधी हे कॅलेंडर बघून सांगता येत नाही, वाहिनीच्या प्रोमोची वाट बघावी लागते.

स्ट्रीमिंगने तर आठवड्याची अटच काढली. नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्स’चा पहिला सीझन १ फेब्रुवारी २०१३ ला एकदम दिला. भाग मात्र १३ च. भरायला तिमाही नव्हती, तरी माप जुनंच. पुढे ही मापं आठ-दहावर आली आणि दोन सीझनमधलं अंतर दोन-तीन वर्षांवर गेलं. माझं स्पष्ट मत असं की यात प्रेक्षकाचं नुकसान झालंय. वर्षाला बावीस भाग लिहिणाऱ्या मालिकेत दुय्यम पात्रांना स्वतःचा भाग मिळायचा. आठ भागांत ती चैन परवडत नाही.

पायरी ८: तारीख आणि वेळ आपल्या घड्याळात आणा

अमेरिकन जाहिरातीत ‘८/७सी’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे पूर्व किनाऱ्यावर रात्री आठ, मध्य भागात सात, कारण दोन्हीकडे एकाच वेळी दिसतं. पश्चिम किनाऱ्यावर तेच नंतर, तिथल्या आठ वाजता लावतात.

न्यूयॉर्कच्या रात्री नऊला लागणारा भाग आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पडतो. तिथे घड्याळ तासाने मागे नेतात तेव्हा, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, साडेसातला. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे शेवटचे सीझन इथली मंडळी सोमवारी पहाटे उठून बघत होती, ते या हिशेबाने. तिथे तो रविवार रात्रीचा कार्यक्रम होता. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या मालिका सहसा कॅलिफोर्नियातल्या मध्यरात्री उघडतात. आपल्याकडे तेव्हा त्याच तारखेची दुपार असते, उन्हाळी घड्याळात साडेबारा, हिवाळी घड्याळात दीड.

म्हणून मोबाइलमध्ये आठवण लावताना नेटवर्क किंवा केबलच्या मालिकेला जाहीर तारखेत एक दिवस मिळवा. नेटफ्लिक्सच्या मालिकेला मिळवू नका. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये वेळ एकदा तपासून घ्या, आणि डिसेंबरच्या मध्यावर नवा भाग आला नाही तर मालिका बंद पडली असं समजून शोधाशोध करण्याआधी जानेवारीची तारीख जाहीर झालीय का ते बघा.